लव्हाळा : शेताचा वैरी, पाण्याचा साक्षी

श्रोतेहो, आजचा विषय ऐकून कुणी हसेल. इतिहासाच्या भाषणात राजे असतात, लढाया असतात, किल्ले असतात. आज मात्र मी बोलणार आहे लव्हाळ्याविषयी. होय, तोच लव्हाळा. ज्याला खुरपून खुरपून आपल्या आयाबहिणींची बोटं सोलली, आणि तरी आठव्या दिवशी जो पुन्हा मान वर काढून उभा राहतो, तोच. राजांची घराणी आली आणि बुडाली, पण मांजरेच्या आणि गोदावरीच्या काठचं हे घराणं काही बुडालं नाही. मग त्याचा इतिहास सांगायला काय हरकत आहे?

आधी नावाचा घोळ मिटवू. आपल्याकडे ओल्या जागी उगवणाऱ्या बऱ्याच बारीक पात्यांच्या वनस्पतींना सरसकट लव्हाळा म्हणतात. कुणी मोथा म्हणतो, वैद्य मुस्ता म्हणतात, देगलूर-बिलोलीकडे तेलुगू बोलणारी माणसं तिला तुंग म्हणतात. पण लव्हाळा हे गवत नव्हे. दिसायला गवतासारखा, कुळ निराळं. शिक्षक मंडळींनी वर्गात एक साधा प्रयोग करून पाहावा. लव्हाळ्याचा तुऱ्याखालचा दांडा घ्यावा आणि अंगठा व तर्जनी यांत धरून फिरवावा. तो फिरताना अडखळतो, कारण त्याला तीन कडा असतात. आडवा कापला तर त्रिकोण दिसतो आणि आत गर भरलेला असतो. हरळीचा किंवा ज्वारीचा दांडा गोल. त्याला पेरी असतात, लव्हाळ्याच्या दांड्याला पेरं नसतं. गवताची पानं दोन ओळींत निघतात, लव्हाळ्याची तीन ओळींत. एवढी ओळख चौथीच्या पोरालाही पाच मिनिटांत होते, आणि एकदा झाली की जन्मभर विसरत नाही.

याखेरीज एक तिसरं कुळ आहे, गोल गुळगुळीत दांड्याचं. इंग्रज त्याला 'रश' म्हणतो आणि वनस्पतिशास्त्रात त्याचं नाव जंकस. हिमालयाच्या उतारावर, निलगिरीच्या थंड डोंगरात जिथं पाणी साचून राहतं, तिथं ते माजतं. जपानात याच कुळातल्या एका जातीच्या दांड्यांपासून घरातल्या जमिनीवरच्या तातामी चटया विणतात. विलायतेत गरिबाच्या घरी याच दांड्याची साल काढून, आतला गर चरबीत बुडवून दिवे लावीत. आपल्या कोरड्या मुलखात या कुळाची जागा लव्हाळ्याच्या भाऊबंदांनी आणि पाणकणसानं घेतली आहे. पाणकणीस म्हणजे ते तपकिरी, मऊ, कणसासारखं बोंड येणारं उंच झाड. काही ठिकाणी त्याला रामबाणही म्हणतात. आणि बोरू? ज्या बोरूनं आपल्या आजोबांनी मोडी गिरवली, तोही ओल्या काठाचाच. पण तो पोकळ, पेऱ्यांचा, म्हणजे खरोखरीचं गवत. कारकुनाला 'बोरूबहाद्दर' म्हणून हिणवणाऱ्यांना ठाऊक नसेल की त्याचं हत्यार ओढ्याकाठी उगवतं.

लव्हाळ्याच्या भाऊबंदांत एक फार मोठा झाला. इजिप्तच्या नाईल नदीकाठचा पपायरस हा लव्हाळ्याच्याच गणातला, त्रिकोणी दांड्याचाच, फक्त दोन पुरुष उंच. त्याच्या गराच्या पट्ट्या आडव्या-उभ्या ठेवून, ठोकून, वाळवून तिथल्या लोकांनी लिहायचं साधन केलं. तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ येथे २०१३ साली असे लिहिलेले तुकडे सापडले. मोठ्या पिरॅमिडसाठी दगड वाहून नेणाऱ्या एका मुकादमाची ती रोजनिशी आहे. साडेचार हजार वर्षांपूर्वीची! एका भावानं राजदरबाराचा हिशेब पाठीवर घेतला, दुसरा आपल्या उसाच्या सरीत शिव्या खात बसला.

आता हे सारं नांदेड-लातूरकडे कसं येतं ते पाहू. आपला मुलूख कोरडा खरा, पण त्याच्या पोटात पाण्याच्या जागा आहेत. बालाघाटची डोंगररांग बीडकडून धाराशिव, लातूर करीत नांदेडात उतरते. लातूर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, तर नांदेड त्याहून बरंच खाली, गोदावरीच्या खोऱ्यात. हा डोंगर काळ्या दगडाचा, म्हणजे लाव्हारसाच्या थरांचा. एकावर एक थर, आणि काही थरांच्या मध्ये गेरूसारखी तांबडी माती. पावसाचं पाणी वरच्या दगडाच्या भेगांतून खाली मुरतं, या तांबड्या थराशी अडतं, आडवं सरकतं आणि डोंगराच्या कुशीला पाझर होऊन बाहेर पडतं. तिथली जमीन चिबडते. बैल नेला तर खूर रुततात. गुराख्याला ती जागा नेमकी ठाऊक असते, कारण चैत्रात सगळा डोंगर पिवळा पडला तरी तेवढा तुकडा हिरवा राहतो. तो हिरवा तुकडा म्हणजे लव्हाळ्याचं आणि त्याच्या सोयऱ्यांचं माहेर.

मांजरा याच बालाघाटात, बीड जिल्ह्यात उगम पावते. लातूर ओलांडून कर्नाटकात जाते, तेलंगणात शिरते आणि ७०० किलोमीटरांहून अधिक प्रवास करून नांदेडच्या सीमेवर गोदावरीला मिळते. पूर्वेला देगलूर, बिलोली, मुखेडकडे काळा दगड संपतो आणि करड्या-तांबूस ग्रॅनाइटचे धोंडे दिसू लागतात. तिथं पाणी खोल मुरत नाही, म्हणून तेलंगणासारखे पसरट तलाव करण्याची पद्धत पडली. तलाव आला की काठ आला, आणि काठ आला की लव्हाळा आला. त्याला आमंत्रण लागत नाही.

तलावांची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. राष्ट्रकूट राजे स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत, म्हणजे लट्टलूर या श्रेष्ठ नगराचे स्वामी. ते लट्टलूर म्हणजे आपलं लातूर, असं अभ्यासक मानतात. याच घराण्याच्या काळात कंधारला मोठा जलाशय झाला. तिथल्या शिलालेखात त्याचं नाव येतं, 'जगत्तुंग समुद्र'. तळ्याला समुद्र म्हणायची छाती पाहा! पण ज्यानं मराठवाड्याचा उन्हाळा काढला आहे, त्याला हे नाव फुगवलेलं वाटणार नाही. हजार वर्षं उलटून गेली, राष्ट्रकूट गेले, पुढं किल्ल्यावर एकामागून एक सत्ता आल्या, तरी लोकांच्या तोंडी त्या पाण्याचं नाव जगत्तुंग समुद्रच राहिलं.

अशी जागा शोधायची कशी, म्हणजे वरून कोरड्या दिसणाऱ्या जमिनीखाली पाणी कुठं आहे हे ओळखायचं कसं, याचा विचार आपल्या देशात फार पूर्वी झाला. सहाव्या शतकात वराहमिहिरानं बृहत्संहिता लिहिली. तिच्यात 'दकार्गल' नावाचा एक आख्खा अध्याय आहे. दक म्हणजे उदक. कोणतं झाड, कोणतं वारूळ, कोणत्या रंगाची माती दिसली की किती खोलीवर झरा लागेल, याची त्यात यादीच आहे. त्यात तो पाणकाठच्या वनस्पतींकडे बोट दाखवतो. वाळा, गुंद्रा, काश, कुश, नळ अशी नावं तो घेतो आणि जिथं ही उगवलेली असतात तिथं तीन पुरुषांवर पाणी आहे, असं सांगतो. पुरुष म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची. यातली सगळीच अनुमानं आजच्या भूजलशास्त्राच्या कसोटीला उतरतील असं मी म्हणत नाही. त्या अध्यायात खडकाखाली बेडूक निघेल, अमुक रंगाचा दगड निघेल असंही पुष्कळ आहे. पण मूळ दृष्टी पक्की आहे. ज्या वनस्पतीला बारमाही ओल लागते ती उन्हाळ्यात हिरवी असेल, तर तिच्या मुळाशी कुठून तरी ओल येते आहे. आपल्याकडे विहिरीची जागा पाहणारे जुने लोक याच खुणा पाहत.

मोथ्याचं दुसरं नातं माणसाच्या पोटाशी आणि अंगाशी. जमीन उकरा, लव्हाळ्याच्या तळाशी काळसर, केसाळ गाठी सापडतात, सुपारीहून लहान. चुरडून वास घ्या. तो ओळखीचा वाटेल. दिवाळीच्या पहाटे आई जे उटणं लावते, त्यात नागरमोथा असतो. व्यापारातला नागरमोथा ही लव्हाळ्याची जवळची बहीण, जास्त ओल्या प्रदेशात वाढणारी. पण गंध एकाच घराण्याचा. तिच्या गाठींचं तेल काढून अत्तरवाले वापरतात. चरक-सुश्रुतांनी मुस्तेला औषधांत मानाचं पान दिलं आहे. तापात द्यायच्या षडंगोदकातली सहा द्रव्यं मोजली तर त्यांत एक मुस्ता. युनानी हकीम तिला साद कूफी म्हणतात. निजामाच्या राज्यात हकीम आणि वैद्य दोघेही होते, तेव्हा एकच गाठ एका दुकानात मुस्ता म्हणून आणि शेजारच्या दुकानात साद म्हणून विकली जात असणार. (काढा करून प्यायचा असेल तर जाणत्याला विचारा, बरं का. रेडिओवर ऐकलं म्हणून पिऊ नका.)

रानडुकराला मात्र कुणाला विचारावं लागत नाही. कालिदासाच्या शाकुंतलात, दुसऱ्या अंकात, राजा शिकार थांबवतो तेव्हा आता डुकरांनी डबक्यात खुशाल मोथे उकरावेत असं म्हणतो. कवीचं निरीक्षण किती खरं आहे ते किनवट-माहूरच्या बाजूच्या शेतकऱ्याला विचारा. आणि माणसानंही हे कंद खाल्ले आहेत. सुदानात खार्टूमजवळ अल खिदाय नावाची जागा आहे. तिथल्या हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांच्या दातांवर साचलेलं किटण संशोधकांनी तपासलं, त्यात मोथ्याचे अंश निघाले. हे २०१४ साली प्रसिद्ध झालं. शेती यायच्या आधीही लोक ते खात आणि शेती आल्यावरही खात राहिले. पुढच्या काळातल्या तिथल्या लोकांचे दात फारसे किडलेले नव्हते, त्याला मोथ्याचा हातभार असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे.

शास्त्रज्ञांच्या दप्तरात आपला लव्हाळा कसा नोंदला गेला, तीही गंमत ऐका. सतराव्या शतकात कोचीनच्या डच अधिकाऱ्यानं, व्हान ऱ्हीड त्याचं नाव, मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. तो १६७८ ते १६९३ या काळात छापला गेला. त्याच्या कामात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य होते. त्यांची १६७५ सालची नागरी लिपीतली ग्वाही त्या ग्रंथात छापलेली आहे. पुढं १७५३ साली स्वीडनच्या लिनिअसनं लव्हाळ्याला सायपेरस रोटुंडस हे नाव दिलं आणि त्याचं घर म्हणून 'इंडिया' लिहिलं.

इथवर ठीक. पण मराठवाड्याचं काय? थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात काढला. आजही महाराष्ट्रातला अभ्यासक तो उघडल्याशिवाय पाऊल टाकत नाही. मात्र तो इलाख्याचा ग्रंथ, आणि आपण निजामाच्या राज्यात! लव्हाळ्याला सरहद्द ठाऊक नव्हती, पुस्तकाला होती. सोलापूरची झाडं ग्रंथात गेली, पलीकडची उदगीर-अहमदपूरची बाहेर राहिली. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात आलं, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, १९६० साली महाराष्ट्र झाला. तरी वनस्पतींची नोंद मागेच होती. औरंगाबादच्या विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे अध्यापक वि. ना. नाईक यांनी १९७९ साली उस्मानाबाद जिल्ह्याच्या वनस्पतींचा ग्रंथ सिद्ध केला. लातूर तेव्हा उस्मानाबादातच होतं, जिल्हा झाला तो १९८२ साली. त्यांचाच साऱ्या मराठवाड्याचा दोन भागांचा ग्रंथ १९९८ साली आला. म्हणजे आपल्या ओढ्याकाठच्या झाडांची नावं एकत्र छापून यायला विसाव्या शतकाचा शेवट उजाडला. मला हे मनाला लागतं. मुलूख गरीब असला की त्याच्या गवताचीही नोंद उशिरा होते.

आता शेतकऱ्याच्या बाजूनं बोलतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा लव्हाळ्याचा वकील कुठून आला. काळ्या रानाचे तीन जुने वैरी: हरळी, कुंदा आणि लव्हाळा. लव्हाळ्याची ताकद जमिनीखाली. एका गाठीतून दोऱ्यासारखी मुळकांडी निघते, तिच्या टोकाला दुसरी गाठ, तिच्यातून तिसरी, अशी माळच्या माळ. प्रत्येक गाठीवर अनेक डोळे. खुरप्यानं वरचा पाला कापला, किंवा वखरानं माळ तोडली, की झोपलेले डोळे जागे होतात. एकाच्या जागी चार उगवतात. बियांवर त्याची फारशी भिस्त नाही. सारा कारभार गाठींवर. शिवाय कडक उन्हात आणि उष्णतेत पानातून अन्न करण्याची त्याची रीत ज्वारी-उसासारखीच काटकसरीची आहे, त्यामुळे भर उन्हात तो जोमानं वाढतो. जगभरच्या तणांचा अभ्यास करणाऱ्यांनी विसाव्या शतकात याला जगातलं सर्वांत त्रासदायक तण ठरवलं ते उगीच नव्हे.

पण त्याची दोन दुखणी आहेत. एक ऊन आणि दुसरी सावली. चमत्कारिक वाटेल, पण खरं आहे. पानाला ऊन हवं, गाठीला ऊन सोसत नाही. खोल नांगरून गाठी वर आणल्या आणि वैशाखात उघड्या पडू दिल्या, तर त्या सुकून मरतात. जुन्या लाकडी नांगराला हे नीट साधत नव्हतं, कारण तो जमीन फाडी, पण उलथवीत नसे. लोखंडी नांगर आला तेव्हा हे साधू लागलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास पहिले लोखंडी नांगर केले, आणि लोखंडानं जमीन विषारी होते या समजापायी ते घ्यायला कुणी धजेना, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. दुसरं दुखणं सावलीचं. पीक दाट आलं, जमीन झाकली गेली, की लव्हाळा पिवळा पडतो. म्हणून पहिले काही आठवडे रान स्वच्छ ठेवलं तर पुढचं काम पीकच करतं. आताशा उसात लव्हाळ्यावर चालणारी हॅलोसल्फ्युरॉनसारखी औषधंही निघाली आहेत. पण उसाला सतत पाणी आणि सरीला सतत ओल, ही त्याला आपणच मांडून दिलेली पंगत आहे. पाणी मोजून दिलं तर औषधही कमी लागेल.

शेतातला लव्हाळा आणि काठावरचा लव्हाळा यांत मात्र फरक करा. तुकोबांच्या अभंगात लव्हाळा आला आहे, तो लहान पोरांनाही पाठ असतो. त्यांचा लव्हाळा पुरातला, नदीकाठचा आहे, असं मी समजतो. पूर आला की काठचा लव्हाळा आडवा होतो, पाणी वरून जातं, आणि खाली गाठी व मुळं जाळ्यासारखी माती धरून ठेवतात. पाण्याचा वेग मोडतो, गाळ तिथंच बसतो. बेडूक, पाणकोंबड्या, चतुर या सगळ्यांचं घर त्याच्यात आणि पाणकणसात असतं. ओढ्याचं रुंदीकरण करताना यंत्र आधी हा काठ खरवडून टाकतं. ओढा सरळ आणि स्वच्छ दिसतो, फोटोही छान येतो. पुढच्या पावसाळ्यात उघडा काठ ढासळतो आणि काढलेला गाळ पुन्हा तळाशी येतो. ओढे खोल करू नयेत असं माझं म्हणणं नाही. पण निदान एका बाजूचा काठ शिवल्याशिवाय ठेवता येतो, आणि तो ठेवायला पैसा लागत नाही.

१९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना आठवत असेल, तेव्हा अन्नाची टंचाई अधिक भेडसावत होती. बऱ्याच ठिकाणी विहीर थोडी खोल केली की पाणी लागे. २०१६ सालचं संकट निराळं होतं. मांजरा धरण कोरडं पडलं आणि एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर. दोन दुष्काळांच्या मधल्या काळात विंधनविहिरी शेकडो फूट खाली गेल्या. वराहमिहिराचे तीन पुरुष कुठं आणि हे कुठं! ज्या पाझराचं पाणी डोंगराच्या कुशीतून आडवं बाहेर यायचं, ते खालूनच ओढलं गेलं तर वरचा हिरवा तुकडा वाळणारच.

शिक्षकांना एक काम सुचवतो. गावच्या शिवारात अशा चिबड जागा किती होत्या, हे वर्गातल्या मुलांनी घरच्या म्हाताऱ्यांना विचारून वहीत लिहावं: जागेचं नाव, कुणाच्या रानाशेजारी, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकायचं. मग दिवाळीनंतर, संक्रांतीला आणि पाडव्याला असं तीनदा जाऊन पाहावं. काय हिरवं आहे, दांडा तीन कडांचा की गोल, डबक्यात पाणी आहे की नुसती ओल. दरवर्षी त्याच वहीत पुढचं पान. बऱ्याच गावांत जागेचं नावच 'लव्हाळ्याचा ओढा' किंवा 'पाझर' असं असतं. नाव उरलं आहे आणि लव्हाळा उरला नाही असं दिसलं, तर तेही तारखेसकट लिहून ठेवावं.